वाहनदुरुस्ती : विश्वास, व्यवहार आणि दाद

एके काळी मळमड्डीतील डॉक्टर सायकलवरून किंवा फार तर स्कूटरवरून रुग्णांच्या घरी जात असत. चाक पंक्चर झाले तर ते आपल्या डोळ्यांसमोर पाण्यात बुडवून, बुडबुडे दाखवून दुरुस्त होत असे. आज बहुतेकांच्या दारात मोटार आहे. तिच्या पोटात काय चालते हे आपल्याला ठाऊक नसते आणि बॉनेट उघडून कोणी काही सांगितले, तर मान डोलावण्यापलीकडे आपण काही करू शकत नाही. स्मरणिकेसाठी वैद्यकीय विषय न निवडता गॅरेजचा विषय निवडल्याबद्दल काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु या विषयाने एकदा माझ्या कुटुंबाच्या जिवाशी गाठ घातली होती आणि त्यातून जे शिकलो ते आपल्या समाजबांधवांच्या उपयोगी पडेल, असे वाटल्याने हा लेखप्रपंच.

काही वर्षांपूर्वी सौभाग्यवती, मुलगी आणि मी यल्लापूरमार्गे अंकोल्याकडे निघालो होतो. अरबैल घाट अर्धा उतरल्यावर ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ लागू लागले आणि पुढच्या वळणावर ते थेट तळाला टेकले. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आणून, हँडब्रेक थोडा थोडा ओढत, डोंगराच्या बाजूला कशीबशी थांबलो. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पूर्ववत घट्ट झाले! अंकोल्याच्या एका वयस्कर मिस्त्रींनी ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडून मला आत पाहायला लावले. आतला द्रव काळसर, चहासारखा होता. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे ऑइल कित्येक वर्षांत बदललेले नाही." माझ्या खिशात चार महिन्यांपूर्वीचे गॅरेजचे बिल होते आणि त्यावर "ब्रेक सर्व्हिस, ऑइलसह" अशी नोंद होती.

झाले होते ते असे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, परंतु त्यात पाण्याचे प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेले की मानकानुसार ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने चाकांजवळील भाग तापतो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि द्रवाप्रमाणे दाब पुढे न पोचवता ते नुसतेच दबतात. गाडी थंड झाली की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पेडल शहाण्यासारखे वागू लागते. धारवाडच्या सपाट रस्त्यावर हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. घाटात मात्र तो जीव घेऊ शकतो. म्हणूनच बहुतेक कंपन्या ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात.

परत आल्यावर मी त्या गॅरेजमध्ये गेलो. मालक नम्रपणे म्हणाले, "साहेब, बदललंय की! आमच्या पोरानं माझ्यासमोर बदललंय." माझ्याकडे जॉब कार्ड नव्हते, ऑइलचा रिकामा डबा नव्हता, अंकोल्याच्या मिस्त्रींचे लेखी मत नव्हते आणि जुने ऑइल तर तिथेच ओतून दिले होते. मी हात हलवीत परतलो. माझी बाजू खरी होती, परंतु पुराव्याच्या दृष्टीने ती शून्य होती.

आपण फसतो का?

आपण फार भोळे आहोत म्हणून आपण फसतो, असे नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली एका निबंधात वस्तू आणि सेवांचा एक निराळा वर्ग दाखवून दिला. आंबा घेण्यापूर्वी हुंगून पाहता येतो. हॉटेलातील जेवण जेवल्यावर कळते. परंतु काही सेवा अशा असतात की त्या घेऊन झाल्यावरही त्या आवश्यक होत्या की नव्हत्या, नीट झाल्या की नाहीत, हे ग्राहकाला कळत नाही. तेथे केवळ विश्वास ठेवावा लागतो. या वर्गाची ठळक उदाहरणे म्हणजे मोटारदुरुस्ती आणि वैद्यकीय सेवा! जो निदान करतो तोच उपचार विकतो, हे दोन्ही व्यवसायांतील साम्य आहे. म्हणून गॅरेजमध्ये आपण ज्या खुर्चीवर बसतो, ती आपल्या दवाखान्यात रुग्ण बसतो तीच खुर्ची आहे, हे ध्यानात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

यात पगाराच्या पद्धतीचाही वाटा असतो. अमेरिकेत १९९२ साली सिअर्स या बड्या कंपनीच्या मोटारदुरुस्ती केंद्रांवर कॅलिफोर्नियाच्या ग्राहक खात्याने अनावश्यक दुरुस्त्या विकल्याचा आरोप ठेवला. तपासनीस साधे ग्राहक बनून तेथे गेले होते. दुरुस्ती जितकी अधिक विकली जाईल तितकी कर्मचाऱ्यांना अधिक मिळकत, अशी तेथील योजना होती. कंपनीला पुढे गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांची ही कमिशनपद्धती बंद करावी लागली. आपल्याकडेही अनेक सर्व्हिस सेंटरांत गाडी घेणाऱ्या सल्लागाराला विक्रीचे लक्ष्य दिलेले असते. तो मुलगा दुष्ट नसतो. पद्धतच त्याला तसे वागायला लावते. वैद्यक व्यवसायातील "कट प्रॅक्टिस" ठाऊक असलेल्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

चूक, हलगर्जी आणि लबाडी

दाद मागण्यापूर्वी आपल्या बाबतीत नेमके काय घडले, याचे निदान करावे. पहिला प्रकार प्रामाणिक चुकीचा. गाडी मध्येच बंद पडते, मिस्त्री आधी बॅटरी पाहतो, मग अल्टरनेटर, आणि शेवटी एक सैल वायर सापडते. सर्व रुग्णांचे निदान पहिल्याच दिवशी होत नाही, तसेच हे. दुसरा प्रकार हलगर्जीचा. चाकाचे बोल्ट नीट न आवळणे, ऑइल भरल्यावर झाकण घट्ट न लावणे, नवे ब्रेक पॅड बसवताना डिस्कची झीज न पाहणे, हे सर्व यात येते. तिसरा प्रकार लबाडीचा. न बदललेला भाग बदलल्याचे दाखवणे, नकली भाग अस्सल म्हणून लावणे किंवा चांगला भाग काढून घेणे हा सरळ अप्रामाणिकपणा होय.

पहिल्या प्रकारात बोलून मार्ग निघतो आणि निघावा. दुसऱ्यात काम विनामूल्य पुन्हा करून मागणे आणि झालेल्या नुकसानीची भरपाई मागणे रास्त असते. तिसऱ्यात रक्कम परत मागावी. गंभीर प्रकरणात पोलिसांकडेही जाता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताचे कलम ३१६ आणि फसवणुकीचे कलम ३१८ आहे. मात्र आरोप जितका मोठा, तितका पुरावा भक्कम हवा. हलगर्जीला लबाडी म्हणून आपण ओरडू लागलो, तर खरी तक्रारही दुबळी होते.

नेहमीचे मार्ग

१. न केलेले काम : इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट यांच्या बाबतीत हे सहज घडते, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. गाडी देण्यापूर्वी ऑइल फिल्टरवर आणि एअर फिल्टरच्या कडेला नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यावा. गाडी परत आल्यावर ठिपका तेथेच असेल, तर फिल्टर बदललेला नाही. पेट्रोल गाडीत ताजे ऑइल डिपस्टिकवर मधासारखे दिसते. डिझेल गाडीत मात्र ते थोड्याच अंतरात काळे पडते. तेवढ्यावरून कोणावर आळ घेऊ नये.

२. अनावश्यक काम : "इंजिन फ्लश", "डीकार्बनायझिंग", "ए.सी. निर्जंतुकीकरण", "तळाचे कोटिंग" अशी भारदस्त नावे बिलात येतात. त्यांतील काही कामे कधी उपयुक्तही असतात. कसोटी एकच : गाडीच्या पुस्तिकेत या किलोमीटरला हे काम करावे असे लिहिले आहे काय? नसल्यास, कोणत्या लक्षणावरून ते सुचवले, हे विचारावे. लक्षण नाही आणि वेळापत्रकातही नाही, तर काम नको.

३. नकली वा जुने भाग : अस्सल भागाच्या वेष्टनावर भाग क्रमांक, कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष असते. रिकामे वेष्टन मागून घ्यावे. छापील कमाल किमतीपेक्षा अधिक आकारणी करता येत नाही. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो; २३२५ म्हणजे २०२५ च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. "नवा" म्हणून दिलेला टायर चार वर्षांपूर्वीचा तर नाही ना, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

४. भीती घालणे : "साहेब, असंच चालवलात तर वाटेत चाक निघंल" असे म्हणत गाडी उघडून ठेवून घाईने होकार घेतला जातो. मापाने बोलावयास सांगावे. मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, हा कायद्याचाच नियम आहे. ब्रेक पॅडची जाडी साधारण ३ मिलिमीटरच्या आसपास आली की बदलण्याची वेळ झाली असे समजतात. "खराब झालाय" हे मत झाले. "अडीच मिलिमीटर उरलाय" हे निदान झाले.

५. विम्याचा दावा : किरकोळ ओरखड्यासाठी "विम्यातून करून देतो, तुमचा पैसा लागत नाही" असे सांगितले जाते. दावा न केलेल्या वर्षांसाठी मिळणारी सवलत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाते आणि एका दाव्याने ती गमावली जाऊ शकते. शिवाय साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. हिशोब मांडला, तर लहान दुरुस्ती खिशातून करणेच अनेकदा स्वस्त पडते. आणि न झालेले नुकसान दाव्यात घुसवण्यास संमती देणे म्हणजे आपणही लबाडीत भागीदार होणे होय.

गाडीचा केसपेपर

रुग्ण दाखल करताना आपण केसपेपर करतो, संमतिपत्र घेतो, घरी पाठवताना सारांश देतो. गाडीच्या बाबतीतही तेच करावे.

गाडी देताना जॉब कार्ड मागावे. त्यावर किलोमीटरचा आकडा, इंधनाची पातळी, आधीचे ओरखडे आणि मुख्य म्हणजे आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. "ब्रेक पाहणे" असे न लिहिता "उतारावर पेडल मऊ लागते" असे लिहावे. अंदाजपत्रक भाग आणि मजुरी वेगळी दाखवून घ्यावे. "यापेक्षा अधिक खर्च असल्यास फोनवर नव्हे, तर लेखी संदेशाने परवानगी घ्यावी" अशी ओळ स्वतः लिहून खाली सही करावी. मोबाइलवरील एक संदेश पुढे मोठा पुरावा ठरतो. कोपऱ्यावरच्या लहान गॅरेजात छापील जॉब कार्ड नसते. तेथे आपल्या वहीच्या दोन पानांवर कार्बन ठेवून लिहिले तरी चालते. गाडीतील कागदपत्रे, औषधांची बॅग, प्रिस्क्रिप्शन पॅड आणि सही-शिक्क्याच्या वस्तू काढून घ्याव्यात, हे डॉक्टरांनी तर विसरूच नये.

बदललेले जुने भाग परत द्यावेत, असे आधीच सांगावे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जन नातेवाइकांना खडे दाखवतात, तसाच हा प्रकार आहे. कॅलिफोर्नियात १९७१ च्या कायद्याने लेखी अंदाजपत्रक आणि मागितल्यास जुने भाग दाखवणे वा परत देणे बंधनकारक झाले. आपल्याकडे केवळ गॅरेजसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून ही अट आपणच जॉब कार्डावर लिहावी. वॉरंटीत विनामूल्य बदललेला भाग मात्र कंपनीकडे पाठवायचा असतो. तो परत मिळण्याची अपेक्षा धरू नये, छायाचित्र घ्यावे.

गाडी परत घेताना दिवसाउजेडी घ्यावी आणि मिस्त्रीला शेजारी बसवून पाच किलोमीटर चालवून पाहावी. व्हील अलाइनमेंट केले असल्यास आधीच्या आणि नंतरच्या मापांचा छापील कागद मागावा. बिल पक्के घ्यावे. "बिल नको असेल तर कमी करतो" हा मोह टाळावा, कारण त्या कागदाबरोबर आपला दाद मागण्याचा हक्कही आपण गॅरेजवाल्याच्या खिशात टाकून येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला असून दुरुस्तीच्या मजुरीवरही तो १८ टक्केच आहे. बिलात अजून जुना दर लावलेला नाही ना, हे पाहावे. जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान गॅरेजला हा कर आकारताच येत नाही. परंतु साधे सही केलेले बिल तेही देऊ शकतात.

काम बिघडले तर

दुसरा प्रसंग अलीकडचा. क्लच प्लेट बदलून आणली आणि पंधरा दिवसांत गाडी पुन्हा चढावर ओढेना. या वेळी माझ्याकडे जॉब कार्ड, भागाचे वेष्टन आणि पक्के बिल होते. मी भांडलो नाही. पुढील पायऱ्या क्रमाने चढलो आणि त्याच येथे देत आहे.

पहिली पायरी म्हणजे त्याच गॅरेजला संधी देणे, पण लेखी. तारीख, किलोमीटर, लक्षण आणि आपली मागणी एका पानात लिहावी, उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि प्रतीवर पोच घ्यावी किंवा पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावे. स्वर सौम्य असावा. हे पत्र उद्या एखादा न्यायाधीश वाचेल, असे समजून लिहावे.

दुसरी पायरी दुसऱ्या मताची. गाडी अन्यत्र उघडण्यापूर्वी पहिल्या गॅरेजला तसे कळवावे आणि हजर राहण्यास सांगावे, नाहीतर "आमच्यानंतर दुसऱ्यानेच बिघडवले" असे म्हणायला त्यांना जागा मिळते. उघडताना छायाचित्रे घ्यावीत. दुसऱ्या मिस्त्रीचे मत तारीख, सही आणि नावासह कागदावर घ्यावे. अंकोल्यात मी हेच विसरलो होतो.

तिसरी पायरी, गॅरेज एखाद्या कंपनीचे अधिकृत केंद्र असल्यास, कंपनीच्या ग्राहक विभागाची. त्याबरोबर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही सेवा निवाडा देत नाही, परंतु तक्रार कंपनीपर्यंत पोचवून समेट घडवते आणि पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात.

चौथी पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ ने आपल्याला बरेच बळ दिले आहे. ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथेच तक्रार दाखल करता येते. बंगळूरच्या वा पुण्याच्या गॅरेजविरुद्धची तक्रारही मळमड्डीचा रहिवासी धारवाड जिल्हा आयोगात करू शकतो. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाचा अधिकार आहे आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. संगणकावरूनही ती दाखल होते; त्यासाठी २०२० मध्ये ई-दाखिल आणि १ जानेवारी २०२५ रोजी ई-जागृती ही व्यवस्था सुरू झाली. तक्रार तपासणीची गरज नसल्यास तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक वेळ लागू शकतो, ही तयारी ठेवावी. याच कायद्यानुसार बिल वा पावती न देणे हीही अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे गॅरेजवाल्याला शांतपणे सांगितले तरी पुष्कळदा बिल फाडले जाते.

येथे डॉक्टरांना एक शंका येईल : दवाखान्यासाठी वापरलेली गाडी "व्यापारी हेतूची" ठरून आपण ग्राहकच उरत नाही काय? या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात नोव्हेंबर २०१९ मध्ये दिलेला निर्णय उपयुक्त आहे. रुग्णालयाने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांचा तो वाद होता. व्यवहाराचा प्रमुख हेतू नफा मिळवण्याच्या कामाशी थेट निगडित आहे की नाही हे पाहावे, असे न्यायालयाने म्हटले आणि ट्रस्टला ग्राहक मानले. स्वतःची मोटार चालवणाऱ्या डॉक्टरने या शंकेने मागे हटू नये. रुग्णालयाच्या भाड्याने फिरणाऱ्या वाहनांबाबत मात्र वकिलाचा सल्ला घ्यावा.

गाडी अडवून ठेवली तर

बिलावर वाद झाला की "पैसे द्या, मग गाडी न्या" असे सांगितले जाते. हे सर्वस्वी बेकायदा नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १७० नुसार वस्तूवर कौशल्य वा श्रम खर्च करणाऱ्याला त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू राखून ठेवता येते. परंतु हा हक्क त्याच गाडीवर केलेल्या, ठरलेल्या कामापुरता आहे; न सांगता केलेल्या कामासाठी तो ताणता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे गाडी ताब्यात असेपर्यंत स्वतःच्या वस्तूइतकी काळजी घेणे हे गॅरेजचे कर्तव्य आहे. "मालाची जबाबदारी मालकावर" अशी पाटी टांगली म्हणजे ते कर्तव्य संपले, असे होत नाही. रात्री-अपरात्री रुग्णाकडे जावे लागणाऱ्यांना गाडी अडकवून ठेवणे परवडत नाही. अशा वेळी बिलाच्या दोन्ही प्रतींवर "वादग्रस्त रक्कम हक्क राखून दिली" असे लिहून, सही करून, पैसे ऑनलाइन वा चेकने द्यावेत आणि गाडी सोडवावी. पैसे दिले म्हणजे काम मान्य केले, असा अर्थ मग निघत नाही.

वॉरंटीच्या काळात बाहेरच्या गॅरेजात गाडी उघडली की वॉरंटी संपली, असेही बजावले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या बाजारातील मक्तेदारीबद्दल एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजात गेल्याच्या केवळ कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्या आदेशात होते. कंपन्या या आदेशाविरुद्ध वरच्या पायऱ्या चढल्या. तरीही बाहेरच्या मिस्त्रीने ज्या भागाला हात लावला नाही त्याची वॉरंटी का नाकारता, असा लेखी प्रश्न आपण अवश्य विचारावा. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने "दुरुस्तीचा हक्क" या नावाने माहितीची एक जागाही खुली केली आहे.

आरशात पाहताना

ग्राहक चळवळीचे मराठी माणसाशी जुने नाते आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ चा पहिला ग्राहक संरक्षण कायदा होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. ग्राहक हा राजा नसून व्यवहारातील जबाबदार भागीदार आहे, ही जाणीव अशा कामातून समाजात रुजली.

पुढे १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सशुल्क सेवेलाही या कायद्याखाली आणले. तेव्हा आपल्यापैकी अनेकांना राग आला होता. "रुग्णाला काय कळते?" असे आपण म्हणत होतो. आज गॅरेजवालाही आपल्याबद्दल नेमके तेच म्हणतो! त्या निकालानंतर आपले केसपेपर सुधारले, संमतिपत्रे आली, रुग्णाला समजावून सांगण्यात आपण अधिक वेळ घालवू लागलो. कायद्याचा धाक होता हे खरे, पण व्यवसायाचे त्यात भलेच झाले. जो निकष आपल्याला लागतो, तोच आपण मिस्त्रीला लावावा. त्याहून कडक नको आणि सैलही नको. फल मिळाले नाही म्हणजे हलगर्जी झाली असे नव्हे, हे आपण न्यायालयात सांगतो. गॅरेजात उभे असतानाही ते आठवावे.

चांगला मिस्त्री मिळणे हे भाग्य असते आणि ते टिकवणे आपल्या हाती असते. त्याचे पैसे वेळेवर द्यावेत. घासाघीस मजुरीवर करू नये. "डॉक्टर आहे, तू माझ्याकडे फुकट येतोस, मग मीही तुझ्याकडे फुकट येणार" असा हिशोब ठेवू नये, कारण त्यात दोघांचेही काम निकृष्ट होते. "काहीही करण्याची गरज नाही, असेच चालवा" असे जो मिस्त्री सांगतो आणि तपासणीचे पैसे मागतो, त्याला ते आनंदाने द्यावेत. औषध न लिहिता दिलेला सल्लाही फी घेण्यायोग्य असतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

शेवटी एक सूचना. संस्थेच्या कार्यालयात एक वही ठेवावी. कोणत्या गॅरेजात कोणते काम केले, अंदाज किती सांगितला, बिल किती झाले, जुने भाग परत मिळाले काय आणि सहा महिन्यांनी काम टिकले काय, एवढ्या पाच गोष्टी सभासदांनी तीत लिहाव्यात. विशेषणे, आरोप वा ऐकीव गोष्टी लिहू नयेत. जो माणूस एकटा असतो त्याच्याकडे फक्त एका बिलाचा अनुभव असतो. पन्नास सभासदांची वही मात्र कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे बोलेल, आणि प्रामाणिक मिस्त्रीला त्यातून कामही मिळेल.

क्लचच्या प्रकरणाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. माझे पत्र पोचल्यावर बाराव्या दिवशी गॅरेजच्या मालकांनी बोलावून घेतले. गिअरबॉक्स माझ्यासमोर उतरवला. प्लेट नवीच होती. परंतु ऑइल सील नीट न बसल्याने तीवर ऑइल झिरपले होते. हलगर्जी होती, लबाडी नव्हती. त्यांनी नवी प्लेट आणि सील स्वखर्चाने बसवले, माझ्याकडून मजुरी घेतली नाही आणि जुना भाग न मागता हातात दिला. माझी गाडी आजही तेथेच जाते.

अरबैल घाट अजूनही आम्ही दर वर्षी उतरतो. निघण्यापूर्वी मी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत डोकावतो. आता मुलगीही शेजारी उभी राहून डोकावते आणि विचारते, "बाबा, बदललंय ना? कागद कुठाय?" मी तिला कागद दाखवतो आणि मगच आम्ही निघतो.